जिवंत माणसाचा दगड

कॅनडाहून आल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, "आण्णा, नायगारा बघितला का?" बघितला. पाणी वरून खाली पडतं. आपल्याकडेही तसंच पडतं. पोरानं मला प्लास्टिकचा झगा घातला, बोटीत बसवलं, भिजवलं, फोटो काढला आणि परत आणलं. ज्याला ते वाचायचं असेल त्यानं शिकलेल्या माणसाचं पुस्तक घ्यावं. माझं शिक्षण चौथी, तेही गुरुजी आमच्या आळीतले होते म्हणून. धंदा पाथरवटाचा. पाटे, वरवंटे, जाती, उंबरे केले, आणि मिक्सर आल्यावर देवळापुढचे नंदी केले. आता काही करत नाही. मी लिहितोय ते एका तालुक्याबद्दल, जिथं आपल्याकडचा कुणी प्रवासी जात नाही. मीही गेलो नसतो. पोराच्या घरात पाणी शिरलं म्हणून गेलो.

ब्रॉसार्ड

साल २००९. आमची मंडळी जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. संतोष, माझा एकुलता एक, मॉन्ट्रियलला कॉम्प्युटरचं काम करतो आणि नदीपलीकडे ब्रॉसार्ड म्हणून वस्ती आहे तिथं राहतो. तो फोनवर म्हणाला, "आण्णा, तिथं एकटे बसून काय करणार? या इकडे, चेंज होईल." मला चेंज नको होता. मला होतं तसंच हवं होतं. पण तसं तिकीट कुठं मिळत नाही, म्हणून दुसरं काढलं.

ब्रॉसार्डमध्ये घरं ओळीनं उभी आहेत, एकासारखं एक. गवत सगळ्यांचं सारखं कापलेलं. माणूस मात्र दिसत नाही. मोटार घरात शिरते, दार आपोआप खाली येतं, संपलं. मला ठेवलं बेसमेंटात. बेसमेंट म्हणजे तळघर. आपल्याकडे तळघरात बटाटा ठेवतात, का तर थंड राहतो आणि कोंब येत नाही. मलाही काही कोंब आला नाही. सून गुणी आहे, पण ती आणि संतोष सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात, आणि शनिवारी मला "ग्रोसरी करायला" घेऊन जातात. नातीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी विचारायचो, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "आय'म गुड, आजोबा." अगं, चांगली आहेस ते दिसतंय मला. जेवलीस का ते सांग.

ऑगस्टात बेसमेंटातला पाइप फुटला. सकाळी पाय खाली सोडले ते घोट्याभर पाण्यात. संतोष म्हणाला, "आण्णा, कार्पेट काढावं लागेल, भिंती ड्राय कराव्या लागतील. आठवडाभर तरी तुम्हाला इथं झोपता येणार नाही."

त्याच्या ऑफिसात लुक म्हणून एक फ्रेंच माणूस आहे. लुकचा बाप जेरार दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीला लागून, शेतावर राहतो. लुकची आई काही वर्षांपूर्वी वारली. तर या दोन पोरांनी कॉफी पिता पिता ठरवून टाकलं, की दोन्ही म्हातारे, दोन्ही रंडके, ठेवून देऊ एका ठिकाणी.

"अरे, त्याला मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही," मी म्हणालो.

"मग भांडण व्हायचा प्रश्नच नाही," संतोष म्हणाला.

पोरगं कधीमधी अगदी आईसारखं बोलतं.

संतवाडी

तिथं कौंटी म्हणतात, आपण तालुका समजू. या मुलखात बघावं त्या गावाला संताचं नाव. पाटी आली की संत, वळण आलं की संतीण. एवढे संत झाले तर त्यांनी रस्त्यात एखादं हॉटेल तरी उघडायचं होतं. जेरारच्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, म्हणून मी त्याला संतवाडी म्हणतो. संतांनी राग मानू नये.

मुलूख मात्र देखणा आहे, खोटं कशाला बोलू. डोंगर आपल्यासारखे उभे कापलेले नाहीत, झोपलेल्या म्हशींसारखे आहेत, आणि सगळे हिरवे. एक लांबडं तळं आहे, त्याचं अर्धं पाणी कॅनडाचं आणि अर्धं अमेरिकेचं. मासे कुणाचे ते विचारायचं राहिलं. गवत कापून, गुंडाळून, पांढऱ्या प्लास्टिकात बांधून शेतात टाकतात. लांबून वाटतं, कुणा राक्षसिणीनं अंडी घातलीत. पुलांना लाकडी छप्पर आहे. आमच्या गावच्या एस.टी. थांब्याला नाही, तिथं ओढ्यावरच्या पुलाला आहे. आणि एक गोठा बघितला तो गोल, आपल्या कणगीसारखा. गोल का? तर म्हणे कोपऱ्यात सैतान लपू नये म्हणून. मला हे पटलं. सैतान असेल तर तो कोपऱ्यातच बसणार, मध्ये येऊन दूध कशाला काढेल?

जेरार माझ्यासारख्या दोघांच्या उंचीचा एकटाच. कान मोठे, बोलणं कमी, उजव्या हाताचं एक बोट गवत बांधायच्या यंत्रानं अर्धं खाल्लेलं. त्यानं माझे हात बघितले, मी त्याचे बघितले. ओळख झाली. मग त्यानं मला खोली दाखवली, वॉशरूम दाखवलं, कुत्रा दाखवला आणि जेवायला बसवलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. ऊन डोक्यावर आणि हा माणूस रात्रीचं जेवतोय. वाटाण्याचं घट्ट पिवळं सूप होतं, त्यात डुकराचे तुकडे. मी तुकडे बाजूला काढले, कुत्र्यानं माझ्या पायाशी मुक्काम ठोकला, आणि त्या घरात माझं पहिलं माणूस जोडलं गेलं.

मका बाकी न्यारा. कणसं उकडून लोणी चोपडतात. इतकी गोड की मला वाटलं साखर घातलीये. तिखटमीठ नाही, लिंबू नाही, निखाऱ्याचा वास नाही. गोड, मऊ आणि बिनतक्रारी. तिथली बरीच माणसं तशीच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीप्रमाणे चालायला निघालो. टोपी, पायजमा, हातात काठी. शंभर पावलं गेलो नसेन तर एक मोटार थांबली. बाईनं काच खाली करून काही विचारलं. मी हात हलवला. पुढे दुसरी थांबली. मग एक ट्रॅक्टर. मग पोलीस. त्या तालुक्यात चालणारा माणूस म्हणजे एक तर मोटार बिघडलेला किंवा डोकं बिघडलेला, तिसरा प्रकार नाही. पोलिसानं मला अदबीनं गाडीत बसवलं आणि बरोबर जेरारच्या दारात सोडलं. पत्ता मी सांगितला नव्हता. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, की जेरारकडे टोपीवाला आलाय.

त्याच गाडीच्या मागून एक छोटी लाल मोटार आली आणि तिच्यातून पांढऱ्या केसांची, पँट घातलेली एक बाई उतरली. आणि म्हणाली, "काय आण्णा! आल्या आल्या अटक करून घेतली काय?"

मी मागे वळून बघितलं, दुसरा कुणी आण्णा आहे का. त्या रानात मराठी!

या डॉक्टर कुसुमताई, मूळच्या नागपूरच्या. चाळीसेक वर्षांपूर्वी डॉक्टर होऊन कॅनडात आल्या. मोठ्या शहरातल्यांनी तेव्हा घेतलं नाही, म्हणून इथं खेड्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. निम्म्या तालुक्याची बाळंतपणं त्यांनी केली आणि निम्म्याचे डोळे मिटले. आता निवृत्त आहेत, म्हणजे पैसे न घेता तेच करतात. लुकनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की अधूनमधून म्हाताऱ्यांकडे बघा.

आता आम्हाला दुभाषी मिळाली, पण त्या बाईंच्या कामात एक खोट होती. मी पाच मिनिटं बोललो की त्या जेरारला दोन शब्द सांगायच्या.

"बाई, मी एवढं बोललो त्याचं काय झालं?"

"अहो, कामाचं तेवढं सांगितलं नं. बाकी तुम्ही मनाला लावून घेऊन राहिले होते, ते मला ठेवलं."

रस्त्याच्या दोन बाजू

तिसऱ्या दिवशी बाईंनी मला तालुका दाखवायला नेलं. इतिहास त्यांनी मोटार चालवत सांगितला, तो असा. आधी इथं मूळचे लोक होते. त्यांचं काय झालं, मी विचारलं. "त्यांची नावं नद्यांना राहिलीत," बाई म्हणाल्या आणि गिअर बदलला. मग अमेरिकेत राजाविरुद्ध लढाई झाली, तेव्हा राजाच्या बाजूचे इंग्रज कुऱ्हाडी घेऊन इकडे आले आणि झाडं तोडून गावं केली. मग जमीन पुरेना म्हणून उत्तरेकडून फ्रेंच आले, त्यांना दरवर्षी एक मूल व्हायचं. इंग्रज हळूहळू शहरात गेले, मागे म्हातारे राहिले. मग फ्रेंचांनी मुलं करणं सोडलं आणि त्यांचेही म्हातारेच राहिले. आता तालुक्यात दोन भाषा, दोन चर्चं, दोन शाळा आणि मुलं एका बसमध्ये मावतात एवढी.

"आणि दोन स्मशानं," बाई म्हणाल्या आणि गाडी थांबवली.

रस्त्याच्या डाव्या अंगाला फ्रेंच कॅथलिकांचं, उजव्या अंगाला इंग्रज प्रोटेस्टंटांचं. मध्ये डांबरी रस्ता. बाई मला समजावायला लागल्या, की दोघांचा देव एकच, पण पूर्वी हे लोक एकमेकांच्या...

"बाई, हे मला समजावू नका," मी म्हणालो. "आमच्या गावात तीन आहेत. पाटलांचं वरच्या अंगाला, शेडवालं. मधल्यांचं मधे. आमचं खाली, पावसाळ्यात पाणी येतं तिथं. चिता विझायची वाट बघत बसावं लागत नाही, ओढाच विझवतो."

बाईंनी गाडीचं दार उघडलं. म्हणाल्या, "चला, दगड बघा. तुमच्या धंद्यातलं आहे."

खरंच धंद्यातलं होतं. तालुका ग्रॅनाइटचा. करडा दगड, दाणा बारीक, एक बाजू आरशासारखी घासलेली. अक्षरं मशीननं कापलेली, सरळ आणि खोल, पण हाताची लकब नाही. मी बोट फिरवत फिरवत चाललो होतो आणि एका दगडाशी थबकलो. मला त्यांची भाषा वाचता येत नाही, पण अक्षरांचा आकार माझ्या डोळ्यांत बसतो, तोच माझा धंदा होता. जेरारच्या दारात टपालाची पत्र्याची पेटी आहे. तिच्यावर जे नाव, तेच या दगडावर. जन्मसालसुद्धा कोरलेलं.

मी बोट मागे घेतलं. "बाई, हा मेलाय?"

"कोण?"

"ज्याच्या घरी मी सूप पितोय तो!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना शेजारच्या दगडाला धरावं लागलं. "अहो बाप्पा! काय बोलून राहिले! जोडीचा दगड आहे तो. वर बायकोचं नाव आहे, मारी-आंज. ती गेली तेव्हा त्यानं स्वतःचंही घालून ठेवलं. इथं तसंच करतात. जन्मसाल घालायचं, पुढे आडवी रेघ मारायची, आणि रेघेपुढची जागा मोकळी सोडायची. माणूस गेला की साल भरतात."

"म्हणजे जागा कन्फर्म, फक्त गाडीची वेळ लागायची आहे."

"तसंच."

आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला चुकून हार घातला तरी घरात रडारड होते. इथं माणूस दर रविवारी येऊन स्वतःच्या नावापुढचं गवत उपटतो आणि घरी जाऊन जेवतो. मला आधी हे अघोरी वाटलं. मग मी त्या रेघेकडे बघत राहिलो. रेघेच्या वर बायको, रेघेच्या अलीकडे नवरा, आणि दोघांमध्ये फक्त एक साल यायचं राहिलेलं. माझ्या मंडळीला आम्ही खालच्या अंगाला जाळली, रक्षा नीरेच्या पात्रात सोडली. तिथं ना दगड, ना रेघ. जन्मभर दगड फोडला आणि तिच्या नावाचा एक टवका नाही माझ्याकडे. आम्ही गावोगाव फिरायचो तेव्हा "टाकी लावायची का, टाकी!" ही हाळी ती द्यायची, माझा आवाज पोचायचा नाही. ती हाळी देई आणि मी झिजून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावी, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खरखरीत करी. हे मी बाईंना सांगितलं नाही. आता लिहितोय.

"आता खरी गंमत ऐका," बाई म्हणाल्या आणि रस्त्यापलीकडे बोट केलं. "तिकडे असाच एक जोडीचा दगड आहे. हेझल म्हणून इंग्रज बाई आहे, तिच्या नवऱ्याचा. त्यावर तिचं नाव, रेघ आणि मोकळी जागा. आणि येत्या सप्टेंबरात ही हेझल आणि तुमचा जेरार लग्न करून राहिलेत."



"जेरार म्हणतो, मी तिच्याबरोबर तिकडे जाणार. दोघांचा नवा दगड करणार, आणि इथलं माझं नाव काढून टाकणार. लुक आणि त्याची बहीण म्हणतात, बाबा, लग्न खुशाल करा, पण आईला एकटं टाकून रस्ता ओलांडायचा नाही. दगडवाला म्हणतो, पोरांच्या सह्या आणा, मगच नावाला हात लावीन. पोरं सही देत नाहीत. सगळा तालुका दोन फळ्यांत वाटला गेलाय, आण्णा. पेट्रोलच्या दुकानात जा, चर्चमध्ये जा, न्हाव्याकडे जा, हाच विषय. नाव निघाल्याशिवाय लग्नच करणार नाही, इथवर आलाय हा हट्टी."

मी सरळ मेलेल्या बाईच्या फळीत गेलो. त्या दिवसापासून मी जेरारशी बोलणं बंद केलं. त्याच्या ते लक्षात आलं नाही, कारण आधीही आम्ही बोलत नव्हतो.

टाकी

बाईंच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मी पाथरवट आहे हे त्यांनी जेरारला सांगून टाकलं. दोन दिवसांनी जेरारनं मला ट्रकमध्ये बसवलं, बाईंना वाटेत घेतलं, आणि आम्हाला थेट मारी-आंजच्या दगडासमोर नेऊन उभं केलं. पिशवीतून हातोडा काढला आणि एक पटाशी. पटाशी! सुताराची, लाकडाची! दगडाला लावली असती तर दगड हसला असता. मग त्यानं स्वतःच्या नावावर अर्धं बोट ठेवलं आणि पुसल्यासारखं केलं.

"तो म्हणतो, दगडवाला ऐकत नाही, तुम्ही काढून द्या," बाई म्हणाल्या.

"ते मला कळलं. त्याला बोटाची भाषा येते."

मी वाकून दगडाला हात लावला. थंड होता. मग उठलो आणि म्हणालो, "बाई, आता मी जे बोलतो ते सगळं सांगा. काटछाट करायची नाही. त्याला म्हणावं, कागदावरचं नाव खोडता येतं, पाटीवरचं पुसता येतं. दगडावरचं नाव पुसत नसतात. नाव जेवढं खोल गेलंय त्याच्याखाली जावं लागतं. ते काढलं की तिथं खड्डा राहतो. तुझं नाव जवळ आल्यावर वाचता येतं, पण तो खड्डा रस्त्यावरनं दिसेल. येणारा जाणारा विचारेल, या बाईशेजारी कोण होतं? आणि खड्डा नको म्हणशील तर सगळा दगड घासून खाली घ्यावा लागेल, मग तिचंही नाव जाईल. कोणतं करू? सांग."

बाईंनी या वेळी सगळं सांगितलं. वेळ लागला त्यावरनं कळलं.

जेरार टोपी काढून उभा राहिला. मग बोलला, मोडून मोडून. बाई हळू आवाजात सांगत गेल्या. "तो म्हणतो, मला हौस नाही. पण हेझल एवढी वर्षं एकटी राहिली. ती माझ्या घरात येणार आणि तिला वाटत राहणार, की हा अर्धा इथं आहे आणि अर्धा त्या दगडात. अर्धा नवरा कोणत्या बाईला आवडेल?"

माझा राग तिथंच निम्मा झाला. माणूस बायकोला टाकायला निघाला नव्हता, दुसरीला पुरं द्यायला निघाला होता. हिशेब चुकीचा, पण नियत चोख.

"हे हेझलबाई म्हणाल्या का?" मी विचारलं.

जेरारनं डोकं हलवलं. नाही.

"त्यांना विचारलं?"

बाईंनी विचारलं. मग बाईंनीच माझ्याकडे बघितलं, जरा चमकून. "नाही म्हणतो. आणि आण्णा, खरं सांगू? मीही नाही विचारलं. कुणीच नाही."

हेझलबाईंचं स्वयंपाकघर

रविवारी लुक मला न्यायला आला. संतोषच्या बेसमेंटात नवं कार्पेट पडलं होतं. जाण्याआधी हेझलबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. दुपारी बारा वाजता, म्हणजे त्यांच्या मानानं उशिराच.

हेझलबाई अंगानं काटकुळ्या, फुलाफुलांचा एप्रन, डोळे निळे आणि हजर. टेबलावर मका, टोमॅटो, दाबलं की दाताखाली कुईकुई करणारं कोवळं चीज आणि सफरचंदाचा पाय. पाय म्हणजे गोड पुरणाची जाड भाकरी असं समजा. माझ्यासाठी हिरव्या मिरच्या आणून ठेवल्या होत्या, कुठनं आणल्या देव जाणे. मी त्यांच्या विरुद्ध फळीतला माणूस, पण मिरची बघितल्यावर फळी डळमळली.

मका संपायच्या आत लुकनं विषय काढला. तो मॉन्ट्रियलचा शिकलेला, त्यामुळे शांतपणे बोलला, आणि शांतपणे बोलणाऱ्याचं भांडण फार लांबतं. आई, आठवण, आदर, असं काहीबाही चाललं होतं. जेरारचे कान लाल झाले. त्यानं टेबलावर मूठ आपटली. डॉक्टरबाई माझ्या कानात भाषांतर करत होत्या, मग दमल्या आणि जेवायला लागल्या. फ्रेंच इकडनं तिकडे उडत होतं, आणि हेझलबाई पाय कापत होत्या. सारख्या सारख्या तुकड्यांत. जणू हे भांडण शेजारच्या घरात चाललंय.

माझ्याच्यानं राहवेना. मी काठी फरशीवर आपटली. सगळे माझ्याकडे वळले.

"डॉक्टरबाई, या बाईंना विचारा. मेल्यावर तुम्हाला कुठं झोपायचंय?"

"आण्णा, असं विचारतात का?"

"विचारत नाहीत म्हणून तर हे झालं. विचारा."

बाईंनी विचारलं. हेझलबाईंनी सुरी खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले.

"या तालुक्यात हे मला विचारणारे हे पहिलेच," त्या इंग्रजीत म्हणाल्या. तेवढं मलाही समजलं. पुढचं डॉक्टरबाईंनी सांगितलं. "मी माझ्या नवऱ्याशेजारी झोपणार. जागा ठरलेली आहे, नाव घातलेलं आहे. त्याच्या घोरण्याची मला सवय आहे, आता म्हातारपणी नवं घोरणं कोण शिकणार?"

"पण एझेल," जेरार म्हणाला, त्याच्या फ्रेंच जिभेला 'ह' जमत नाही, "मग माझ्याशी लग्न कशाला?"

"मला तू नाश्त्याला हवायस," हेझलबाई म्हणाल्या. "मेल्यावर नाश्ता नसतो."

जेरार खुर्चीतून अर्धा उठला. "मग एवढे महिने मी भांडतोय ते कशासाठी? तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला आवडतंय. या तालुक्यात दुसरी करमणूक काय आहे?"

डॉक्टरबाईंना हसताना ठसका लागला. लुकनं मान खाली घातली, पायचा तुकडा पुढे ओढला, तो संपवला आणि आणखी मागितला. हीच त्याची सही, असं मी समजलो. जेरार आधी दुखावल्यासारखा दिसला. एवढा मोठा त्याग करायला निघालेला माणूस, आणि कुणी घेतलाच नाही तो! मग त्याचे कान हळूहळू उतरले आणि तो खो खो हसायला लागला. मूठ आपटून सांडलेलं दूध त्यानं स्वतः उठून पुसलं. नाव राहिलं. लग्नही ठरल्याप्रमाणे होणार. संध्याकाळपर्यंत ही बातमी पेट्रोलच्या दुकानात पोचली असणार, आणि दोन्ही फळ्यांना फार वाईट वाटलं असणार. एवढा चांगला विषय गेला.

निघताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, "आणि तुमचा दगड कुठल्या बाजूला?"

"कुठल्याच नाही. मी जाळून घेणार आहे, सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "रस्ता मधनं जातो नं आण्णा, तो मला पुरे आहे. या मुलखाचे खड्डे मला तोंडपाठ आहेत."

लुकच्या मोटारीत जेरारही बसला, वाटेवर उतरतो म्हणाला. स्मशानाशी गाडी थांबवायला लावली. लुक गाडीतच बसला, फोन काढून. मला जेरारनं खूण केली, ये. डॉक्टरबाई मागे राहिल्या होत्या, म्हणजे आता मध्ये कुणी नव्हतं. दगडापाशी जाऊन त्यानं खालचं गवत उपटलं. मग वरच्या ओळीवर हात ठेवून म्हणाला, "मारी-आंज." दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज वेगळा होता. मग माझ्याकडे वळला, माझ्या छातीकडे बोट केलं आणि थांबला.

काय विचारतोय ते कळलं. पण आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात एकदा घेतलं होतं, ते बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. पुढे सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' वर झाला. ती गेली तेव्हा दवाखान्यात विचारलं, तेही संतोषनं सांगितलं. मी जमिनीकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं. जेरार काही घाईत नव्हता. दगड फोडणाऱ्यासारखा उभा होता, पुढच्या घावाची वाट बघत.

"हौसाबाई," मी म्हणालो.

त्यानं म्हणून बघितलं आणि चुकला. म्हणून मला पुन्हा सांगावं लागलं. पुन्हा चुकला. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. लुकनं हॉर्न वाजवला तरी आमचं चाललंच होतं.